सर, प्रश्न नाही, अनुभव आहे

तास संपायला दोन मिनिटं उरलेली असतात. सरांनी खडू ठेवलेला असतो, हाताची भुकटी झटकलेली असते आणि उत्तराची अजिबात अपेक्षा न ठेवता, रिवाज म्हणून, "काही शंका?" असं विचारलेलं असतं. मागच्या बाकांवर पिशव्या खांद्याला लागलेल्या असतात. पावणेपाचची फलटण गाडी गेली की पुढची साडेसहाला, हे सगळ्या वर्गाला पाठ असतं. ब्लूमची शैक्षणिक उद्दिष्टं नसली तरी. नेमका तेव्हाच दुसऱ्या बाकावरून एक हात वर जातो. सावकाश, कोपरात किंचित वाकलेला, पंजा उघडा.

"सर, प्रश्न नाही. एक अनुभव शेअर करायचा होता."

हा आमचा चिंतनराव. हजेरीपटावर त्याचं नाव वेगळं आहे, पण ते आता हजेरीपटालाच ठाऊक. बी.एड.च्या कॉलेजात पहिल्या दिवसापासून सगळे एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतात. नोकरी मिळो न मिळो, हाक तरी मिळावी, एवढाच हिशेब त्यामागे असतो. म्हणून तोंडावर तो 'सर' आणि पाठीमागे चिंतनराव. हे त्याला कळलं तेव्हा तो रागावला नाही. "सहकाऱ्यांनी दिलेल्या नावामुळे मला स्वतःकडे नव्याने पाहता आलं," असं त्याने जर्नलमध्ये लिहिलं. दीड पान.

तुम्ही जिथे शिकलात तिथेही तो होताच. शाळेत तो सुटीच्या घंटेआधी उठून "बाई, आज गृहपाठ द्यायचा राहिला" म्हणायचा. मोठा झाल्यावर त्याच मुलाला गृहपाठाऐवजी अनुभव यायला लागतात.

दिसायला साधा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तो खोचलेला, खिशाला तीन पेनं. काळ्या शाईने काय घडलं ते लिहायचं, निळ्या शाईने काय वाटलं ते, हिरव्या शाईने आपण पुढे काय करणार ते. निळी रिफिल दर महिन्याला संपते. काळी प्रवेशाच्या वेळची अजून चालू आहे. ऐकताना तो मान हलवतो. वाक्याच्या शेवटी आपण सगळेच हलवतो, हा स्वल्पविरामालाही हलवतो. शिकवणाऱ्याला त्याची चटक लागते. आमचे एक सर सगळा तास चिंतनरावाच्या मानेकडे पाहून शिकवायचे आणि वर्गाला समजलं असं धरून पुढच्या घटकाला हात घालायचे. त्या मानेपायी आमचे दोन घटक राहिले ते राहिलेच.

अनुभव सांगायची त्याची तीन वाक्यं ठरलेली आहेत. "आजपर्यंत मला असं वाटायचं की", मग "पण आज मला प्रकर्षाने जाणवलं की" आणि शेवटी "यापुढे मी". प्रबलनाच्या तासाला त्याला जाणवलं की शाबासकीत ताकद असते. मूल्यमापनाच्या तासाला जाणवलं की मूल्यमापन म्हणजे नुसती परीक्षा नव्हे. शाळा व्यवस्थापनाच्या तासाला सर जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, डेडस्टॉक रजिस्टर अशी नावं सांगत होते, तेव्हाही त्याला काहीतरी जाणवलं आणि त्याचे डोळे भरून आले. डेडस्टॉक रजिस्टरने गहिवरलेला माणूस मी तो पहिलाच पाहिला. दिवसाला पाच तास, आणि प्रत्येक तासाला हा आतून बदलणार. त्या हिशेबाने कॉलेजात प्रवेश घेतलेल्या मूळ माणसातलं दुसऱ्या वर्षापर्यंत काही शिल्लक राहिलं असेल असं वाटत नाही. डबा मात्र तोच होता, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, आणि तो पुढे करताना त्याने कुणाला कधी वगळलं नाही.

सगळा दोष त्याचा नाही. बी.एड. पूर्वी एका वर्षात उरकायचं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे नियम केले आणि २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. प्रत्यक्ष शाळेत शिकवायची वीस आठवड्यांची आंतरवासिता आली, स्वतःला ओळखण्याचं एक प्रात्यक्षिक आलं (त्यालाही गुण), आणि या सगळ्याच्या मागोमाग रिफ्लेक्टिव्ह जर्नल आलं. मूळ कल्पना चांगली. शिकवून झालं की जरा थांबायचं, काय झालं ते पाहायचं. आमच्याकडे तिचा तक्ता झाला. रोज एक पान, वर छापलेलं: 'आजचा अर्थपूर्ण अध्ययन अनुभव'. बिनअर्थाच्या अनुभवाला रकाना नव्हता. आमच्यातल्या एका मॅडमनी एकदा खरं तेच लिहिलं: "आज विशेष काही घडलं नाही. जेवणानंतर झोप येत होती." खाली शेरा आला, 'चिंतनाचा अभाव'. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमनी चिंतनरावाची वही मागून नेली.

तिथून साथ पसरली. वहीचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडले, ग्रुपवरून झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तिथून पुढच्या बॅचला रुपया पान दराने मिळायला लागले. उतरवून काढणाऱ्यांना एवढी घाई, की क्रियापदं बदलायचं भान राहिलं नाही. "त्या क्षणी मी भारावून गेलो" असं अर्ध्या वर्गातल्या मॅडमनी लिहिलं. एका सरांनी उलटीकडून, म्हणजे एका मॅडमच्या वहीवरून, उतरवलं होतं. त्यांच्या जर्नलात मुलांचं प्रेम पाहून पाणावलेले डोळे पदराने टिपलेले होते. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी कुणाला काही विचारलं नाही. उतरवणाऱ्या सगळ्यांना दहापैकी आठ. चिंतनरावाला सात, अक्षर बारीक म्हणून.

दुसऱ्या सत्रात आम्हाला गिब्जचं चक्र आलं. ग्रॅहम गिब्ज या इंग्रज अभ्यासकाने १९८८ मध्ये मांडलेलं, सहा टप्प्यांचं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. आम्ही ते परीक्षेपुरतं ठेवलं. चिंतनरावाने घरी नेलं. एकदा अनुभव सांगता सांगता त्याची स्वतःचीच पावणेपाचची गाडी गेली. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून त्याने जे लिहिलं ते मी शेजारी बसून वाचलं, कारण माझीही त्याच्यामुळेच गेली होती. वर्णनात 'गाडी गेली' एवढंच. भावनांत सुरुवातीला निराशा आणि नंतर हळूहळू चालकाबद्दल आदर. मूल्यमापनात, गाडी वेळेवर सुटते ही सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीने आशादायक बाब. विश्लेषणात, मी वर्गात बोलत थांबलो. निष्कर्ष, मी वर्गात बोलत थांबायला नको होतं. आणि कृती आराखडा: याविषयीचा अनुभव उद्या वर्गात सांगेन.

सूक्ष्म अध्यापनाच्या दिवसांत तर त्याला आवरणं कठीण झालं. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. आपल्याकडे तिचं छत्तीस मिनिटांचं चक्र बसवलं आहे. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं दोष ऐका, बारा मिनिटं टाचण दुरुस्त करा, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा ऐका. विद्यार्थी आपणच व्हायचं. माझ्यासारखी दोन मुलांची आई, विम्याचं काम सोडून आलेले एक सर, लग्न ठरलेली एक मुलगी, सगळे रांगेने सातवीत बसलेलो. कुणी चुकीचं उत्तर द्यायचं हे आधी वाटून घेतलेलं असतं, कारण सगळ्यांचीच उत्तरं बरोबर आली तर शिकवणाऱ्याला कौशल्य दाखवायला जागा राहत नाही. विम्याचे सर चुकीच्या उत्तराला फार चांगले. अगदी मनापासून चुकायचे.

चिंतनरावाला नुसतं सातवीतलं होऊन भागायचं नाही. तो आपल्या विद्यार्थ्याला घर द्यायचा, वडील द्यायचा, वडिलांची नोकरी घालवायचा. माझा प्रश्न कौशल्याचा पाठ होता. मी त्याला साधं विचारलं, "पाण्याच्या तीन अवस्था कोणत्या?" तो खाली पाहत राहिला. मी पुन्हा विचारलं. तो खिडकीकडे पाहत राहिला. सोपं करून विचारलं, खुणेने बर्फ दाखवला, तरी गप्प. सहा मिनिटं संपली. दोष सांगायच्या वेळी उठून म्हणाला, "मॅडम, मी आज सकाळी न जेवता आलेला मुलगा होतो. तुम्ही माझ्यापर्यंत पोहोचला नाहीत." पत्रिकेत माझे दोन गुण गेले. त्याच्या पोटात त्या वेळी माझ्याच डब्यातली दीड चपाती होती.

त्याचा स्वतःचा पाठ सज्जता प्रवर्तनाचा. म्हणजे विषयाकडे वळण्याआधी मुलांचं मन तयार करायचं. सहाच्या सहा मिनिटं त्याने आमचं मन तयार केलं. डोळे मिटायला लावले, श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं, लहानपणीचा पाऊस आठवायला लावला. वर्ग इतका सज्ज मी पुन्हा कधी पाहिला नाही. कशासाठी सज्ज, ते दुसऱ्या सहा मिनिटांत कळलं असतं, पण त्यात त्याने पहिल्या सहा मिनिटांचा आढावा घेतला.

आता आंतरवासितेतल्या एका तासाबद्दल लिहायलाच हवं.

इयत्ता सहावी, अपूर्णांकांचा भागाकार. मागच्या बाकावर निरीक्षणाच्या पत्रिका घेऊन मी आणि आणखी एक सर. कोपऱ्यातल्या खुर्चीवर वर्गाच्या मूळ बाई, निवृत्तीला आलेल्या, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. चिंतनरावाने थर्माकोलच्या रंगीत चकत्या आणल्या होत्या, त्या फळ्याच्या कडेला ओळीने लावल्या आणि पुढे त्यांना हात लावला नाही. फळ्यावर उदाहरण लिहिलं: एक द्वितीयांश भागिले एक चतुर्थांश. दुसरा अपूर्णांक उलटा करा, भागाकाराचा गुणाकार करा, उत्तर दोन. मुलांनी उतरवून घेतलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, भागलं की कमी होतं ना? मग अर्ध्याला भागून दोन कसे आले? वाढले की!"

वीस आठवड्यांत मी ऐकलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. मोठी माणसं तो विचारत नाहीत, कारण उलटा करून गुणायची सवय लागली की आपण नक्की काय करतोय ते पाहायची गरजच उरत नाही.

चिंतनरावाने खडू खाली ठेवला आणि तो थांबला. हे थांबणं पुस्तकातलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गावर्गात जाऊन पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारतात आणि जेमतेम सेकंदभर थांबून पुढे जातात. तीन सेकंद थांबलं तरी मुलं जास्त बोलतात, नीट बोलतात, एरवी गप्प असणारीही बोलतात. आता रो बाईंचं हे थांबणं शिक्षकाने प्रश्न विचारल्यानंतरचं आहे. मुलाने विचारल्यावर शिक्षकाने थांबून राहावं असं त्यांचं म्हणणं असेल असं वाटत नाही. चिंतनराव थांबला तो थांबलाच. पंखा कुरकुरत होता. मुलीला बसावं की उभं राहावं कळेना.

शेवटी तो म्हणाला, "खूप सुंदर प्रश्न." मग वर्गाकडे वळून, "हा प्रश्न ऐकून तुम्हाला काय वाटलं?"

"काय नाय, सर," पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

तो त्या मुलीजवळ गेला, आवाज मऊ केला. "तुझ्या मनात हा प्रश्न आला कसा?"

मुलगी घाबरली. "चुकून आला, सर."

मागच्या बाकावर एक मुलगा होता, ज्याची आई हायवेवरच्या एका ढाब्याला रोज भाकरी करून देते. इतका वेळ तो बाकाच्या रंगाचे पोपडे काढत होता. सरांना विचारल्याशिवाय, मान पुढे काढून, तो त्या मुलीला म्हणाला, "आगं, अर्ध्या भाकरीत चतकोर किती निघत्यात? दोनच की."

मुलीने बाकावर बोटाने अर्धगोल काढला. मधून रेघ मारली. "हां. मग पाऊण भाकरीत तीन?"

"तीन."

"आन् दीड भाकरीत सहा," तिच्या शेजारणीने लावलं.

आता चार-पाच जण वळून बसले होते. एकाने तिरपा प्रश्न टाकला. "बरं, चतकोर भाकरीत अर्ध्या किती?"

यावर जरा शांतता झाली. ही खरी शांतता होती, कुणी मुद्दाम दिलेली नव्हती. मग भाकरीवाला मुलगा म्हणाला, "येक पण नाय निघायची. निम्मीच निघंल."

एक चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश, उत्तर एक द्वितीयांश. भागून वाढतं तेही, आकडा वाढला तरी भाकरी तेवढीच राहते तेही, आणि कधी वाढेल, कधी पुरं एकदाही मावणार नाही, हे सगळं त्या पोरांनी दोन मिनिटांत उलगडलं. बाईंनी वह्यांतून मान वर केली, पेनाला टोपण लावलं, ऐकलं, आणि पुन्हा टोपण काढून वह्या तपासायला लागल्या.

चिंतनराव कुठे होता? तो खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून जर्नल लिहीत होता. निळ्या शाईत. क्षण ताजा असतानाच पकडावा असं त्याचं मत आहे. त्या दिवसाची नोंद मी वाचली, सोबती म्हणून माझी सही लागत होती: "आज एका विद्यार्थिनीच्या निरागस प्रश्नाने मला अंतर्मुख केलं. मी शांततेला जागा दिली. त्या शांततेत मला माझ्यातला शिक्षक भेटला." भाकरी कुठेच नव्हती. माझ्या शेजारच्या सरांनी पत्रिकेत 'वर्गनियंत्रण' या मथळ्याखाली लिहिलं होतं, 'मुले आपापसांत बोलत होती. सुधारणेस वाव.'

तास संपल्यावर बाई त्याला म्हणाल्या, "अहो सर, पोरगी उत्तराची वाट बघत होती."

"बाई, उत्तर दिलं की विचार थांबतो."

"असेल. आणि नाही दिलं की पोरगी विचारायची थांबते."

त्याने हे वाक्य लिहून घेतलं. हिरव्या शाईत.

आम्हाला ऑसुबेलची अर्थपूर्ण अध्ययनाची उपपत्ती होती, टिपा लिहा या प्रश्नाला हमखास येणारी. डेव्हिड ऑसुबेल हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात सांगून गेला, की नवं काही शिकायचं तर ते आधी ठाऊक असलेल्या गोष्टीला जाऊन भिडलं पाहिजे; नुसतं घोकलं तर ते सुटं राहतं आणि गळून पडतं. चिंतनरावाने ती टीप घोकली होती. पैकीच्या पैकी गुण मिळाले. जॉन ड्यूईही होता. त्याने १९१० मध्येच 'हाउ वी थिंक' या पुस्तकात लिहून ठेवलंय, की विचाराची सुरुवात अडण्यातून होते. माणूस अडतो, गोंधळतो, दोन वाटांपैकी कोणती ते कळत नाही, आणि मग चिंतन. मला वाटतं चिंतनरावाचं सगळं बिनसलंय ते इथे. तो कशालाच अडत नाही. भागून वाढलं याचं त्याला नवल वाटलं नाही; नवल वाटणाऱ्या मुलीचं वाटलं. ती मुलगी अपूर्णांकाकडे पाहत होती, हा त्या मुलीकडे पाहणाऱ्या स्वतःकडे पाहत होता. चार-पाच पोरं भाकरी मोडत होती तेव्हा त्याच्यापुरता तास कधीच संपला होता, अनुभव मिळालेला होता.

हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, तर घोटून घोटून शिकवतात. गंमत अशी की खुद्द हर्बार्टने पायऱ्या चारच सांगितल्या होत्या, पाच केल्या त्या त्याच्या शिष्यपरंपरेने. शिष्यांच्या हाती पडलं की काहीही एका पायरीने वाढतं. चिंतनरावाच्या प्रत्येक पाठ टाचणात उपयोजनानंतर 'अंतर्मुखता' नावाची सहावी पायरी असायची, आणि घंटा बहुधा तिसरीवर व्हायची.

क्षेत्रभेटीला आम्ही एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादी शाळांचा बोलबाला झाल्यापासून अनेक शाळांनी वर्गाच्या फरशीवर तक्ते रंगवून घेतले. या शाळेतही शंभरपर्यंतचे आकडे जमिनीवर होते आणि दुसरीची पोरं त्यांवरून उड्या मारत बेरजा करत होती. चिंतनराव मधोमध डोळे मिटून उभा राहिला, वातावरण अनुभवत. एका चिमुरडीने त्याच्या शर्टाचं टोक ओढलं. "काका, सरका ना. तुम्ही सदतीसवर उभे आहात."

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक तो येता जाता सांगतो. त्यातल्या शिक्षकाचा पहिलाच दिवस फसतो, तो मुलांना शांततेचा खेळ द्यायला जातो आणि वर्ग गोंधळ घालून त्याचा खेळ मोडतो, हे मात्र त्याच्या सांगण्यात कधी आलं नाही. गिजुभाईंच्या मास्तरला दुसऱ्या दिवशी बेत बदलावा लागला. चिंतनरावाला बेत बदलायची वेळच येत नाही, कारण फसलेला तासही त्याच्या वहीत समृद्ध करणारा असतो. तीन वाक्यांच्या त्या साच्यात घाल काहीही, बाहेर पडताना गोड.

तरी त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. एका पावसाळी शनिवारी रस्त्यावर पाणी आलं आणि शैक्षणिक मानसशास्त्राच्या मॅडमच्या तासाला कॉलेजात फक्त चिंतनराव पोहोचला. मॅडम म्हणाल्या, राहू द्या आज. तो म्हणाला, मी आलोय ना. त्या एकट्यासमोर मॅडमनी पूर्ण तास घेतला, फळा भरून लिहिला, आणि शेवटी सवयीने "काही शंका?" विचारलं. त्याने हात वर केला. मोकळ्या वर्गात, उभं राहून, त्याने अनुभव सांगितला. मॅडम नंतर शिक्षक खोलीत सांगत होत्या, की इतक्या वर्षांत त्यांचा तास कुणाला एवढा आवडल्याचं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळाच झाला होता. आम्ही पन्नास जणांनी मिळून त्यांना तेवढं कधी दिलं नव्हतं. आम्ही त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढत होतो.

अंतिम परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. टेबलावर फायलींचा डोंगर. परीक्षक फाइल उघडत नाहीत, उचलून पाहतात. चिंतनरावाची दोन्ही हातांनी उचलावी लागली. "भरपूर काम केलंत," ते म्हणाले, आणि त्याने तोंड उघडायच्या आत पुढचं नाव पुकारलं.

पुढची परीक्षा अनुभव विचारत नाही. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न. शिक्षक अभियोग्यता चाचणीला दोन तासांत दोनशे, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. तीत पर्यायांपैकी एक गोल निवडायचा आणि पळायचं. चिंतनराव पहिल्या खेपेला बाराव्या प्रश्नापाशी रमला. 'वर्गात सतत गप्प बसणाऱ्या मुलाबाबत शिक्षकाने काय करावे?' असा काहीसा प्रश्न होता आणि त्याला सगळ्याच पर्यायांत तथ्य दिसलं. दुसऱ्या खेपेला सुटला. मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी, प्राधान्यक्रम, आणि यादीची वाट. वाट पाहण्याच्या काळातलं जर्नल मी वाचलेलं नाही, पण तो म्हणतो की तो काळ फार अर्थपूर्ण होता.

सध्या तो तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर आहे. जेवढे तास तेवढे पैसे, सुटीला काही नाही. तरी खूश आहे. मुलांना आवडतो, ओरडत नाही, मारत नाही, डबा विसरलेल्याला आपली चपाती देतो. मध्यंतरी काही कामासाठी त्या गावी गेले होते म्हणून शाळेत डोकावले, तर "मॅडम, बसा ना, तुम्हाला काहीतरी दाखवतो," म्हणत त्याने कपाटातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. तासाची शेवटची दहा मिनिटं तो मुलांकडून लिहून घेतो, 'आजच्या तासातून मी काय शिकलो'. गणित मग उरलेल्या वेळात.

मी चिठ्ठ्या चाळल्या. "आजपर्यंत मला वाटायचे की गणित अवघड असते. पण आज मला प्रकर्षाने जाणवले की ते सोपे असते. यापुढे मी रोज गणित करीन." दुसरी तीच. तिसरी तीच, फक्त 'प्रकर्षाने'चा 'प्रकाशाने' झालेला. पाचवीतली पोरं, पण साचा नीट बसला होता. एका मुलाने दोन दिवसांच्या चिठ्ठ्या एकदमच लिहून ठेवल्या होत्या, उद्याचीही.

गठ्ठ्याच्या तळाशी वहीच्या फाडलेल्या चतकोर पानावर एक वेगळी सापडली. शिसपेन्सिलीने, शब्द दाबून दाबून लिहिलेले: "आज आमचा खेळाचा तास होता. तो सरांनी घेतला."

खाली चिंतनरावाचा शेरा होता, हिरव्या शाईत. "छान! सविस्तर लिही."